पोट रिकामे, साखर चारशे

आमच्या गावाला हिवाळा असा नाहीच. गोविंदपुरम् हे कुंभकोणमहून मयिलाडुतुरैला जाणाऱ्या रस्त्यावर, तिरुविडैमरुदूर आणि आडुतुरै यांच्या मध्ये लागणारे छोटेसे गाव आहे. ज्या दिवसांत इथे पहाटेच्या पी. टी.ला आपले दात वाजतात, त्या दिवसांत तिथे लोक पातळ टॉवेल खांद्यावर टाकून नदीवर जातात. पारा वीस अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. पण सर्दी-तापाचा मोसम मात्र तिथेही असतो, आणि तो थंडीमुळे नव्हे तर पावसामुळे येतो. तमिळनाडूला वर्षाचा सुमारे निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे मिळतो. देशातल्या वेगवेगळ्या शहरांतील फ्लूच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तर श्रीनगरमध्ये फ्लूचा जोर जानेवारी ते मार्चमध्ये दिसतो, दिल्ली-नागपूरकडे आपल्या पावसाळ्यात आणि चेन्नई-वेल्लोरकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ‘हिवाळ्यातला फ्लू’ हा शब्द सगळ्या भारताला सारखा लागू पडत नाही. हे आधी सांगतो, कारण लस कधी घ्यायची ते यावर ठरते. त्याबद्दल पुढे.

गोविंदपुरम्‌ला माझे आजी-आजोबा राहतात. आम्ही तंजावरकडचे मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी दक्षिणेत गेली आणि तिथलीच झाली, त्यांतले एक. आमच्या घरची मराठी ऐकून डॉर्मिटरीतील मित्र हसतात, हसोत. गावात विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिर आहे, त्याचा कुंभाभिषेक २०११ मध्ये झाला. तिथे तमिळ बोलणारी माणसे मराठी अभंग म्हणतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटेच भजने सुरू होतात. ओली फरशी, दाटीने बसलेली माणसे, चार ओळींमागे एक खोकला, आणि शेवटी द्रोणात गरम गोड पोंगल. आजोबा यातले काही चुकवत नाहीत.

आजोबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. बावीस वर्षांपासून त्यांना टाइप २ मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि रात्री झोपताना हळूहळू चोवीस तास काम करणारे इन्सुलिन, असे त्यांचे औषध.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात त्यांना ताप आला. अंग दुखत होते, तोंडाला चव नव्हती. दोन दिवस ते फक्त पेजेचे पाणी आणि मिरीचे सार घेत होते. तेव्हा त्यांनी गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा हिशेब केला, की पोटात काही गेलेच नाही तर साखर वाढणार कशी? आणि साखर वाढणार नसेल तर सुई कशाला टोचायची? त्यांनी दोन रात्री इन्सुलिन घेतले नाही, गोळ्याही बंद ठेवल्या. आजीने विचारले तर म्हणाले, “खाल्लं नाही तर औषध घेतलं की साखर उतरेल, मी चक्कर येऊन पडेन.” तिसऱ्या दिवशी ते सारखे लघवीला जाऊ लागले, जीभ कोरडी पडली, आणि दुपारी आजीला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. मग शेजाऱ्यांनी साखर मोजली. ४०८. त्यांना कुंभकोणमला रुग्णालयात नेले, सलाइन आणि इन्सुलिन लावले, तीन दिवसांनी ते घरी आले. मला हे सगळे त्या रविवारी फोनवर कळले, तेव्हा ते घरी पोचलेले होते.

आजोबांचा हिशेब वाटतो तितका वेडा नाही. माझ्या वर्गातल्या दहा जणांना मी विचारले, आठ जणांनी तेच उत्तर दिले. आपल्याला वाटते साखर म्हणजे आपण खातो ती. खरे तर शरीराचे स्वतःचे कोठार आहे, ते म्हणजे यकृत. रात्री आपण आठ तास काही खात नाही तरी मेंदू चालू राहतो, कारण यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत असते. ताप आला की शरीरात धोक्याची घंटा वाजते. कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरके वाढतात आणि यकृताला सांगतात, कोठार उघड, लढायला इंधन लागणार आहे. हीच संप्रेरके इन्सुलिनचे कामही अडवतात. निरोगी माणसाचे स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन सोडते आणि गाडी रुळावर ठेवते. मधुमेह्याला ते जमत नाही. म्हणून त्याने घास न घेताही त्याच्या रक्तात साखर साचत जाते. आजोबांनी जमेची एक बाजू हिशेबात धरलीच नव्हती.

पुढचे चक्र त्याहून वाईट आहे. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीतून बाहेर टाकू लागतात, आणि साखर एकटी जात नाही, पाणी बरोबर घेऊन जाते. तापाने आधीच घाम आलेला, पाणी प्यावेसे वाटत नाही, त्यात ही गळती. शरीर कोरडे पडते, रक्तातली साखर आणखी दाट होते, माणूस गुंगतो. वयस्कर टाइप २ रुग्णांत हेच जास्त दिसते. टाइप १ मध्ये, जिथे शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, तिथे आणखी एक धोका असतो. इन्सुलिनशिवाय पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळते आणि त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात. ती साचली की पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. घरचे म्हणतात, तापामुळे पित्त झाले. ते पित्त नसते. ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. माझ्या मामेबहिणीला, वय अकरा, टाइप १ आहे. तिच्या बाबतीत डॉक्टरांचा नियम एका ओळीचा आहे: ताप असो, उलटी असो, उपवास असो, मूळचे इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नाही. प्रमाण कमी-जास्त करायचे ते त्यांना विचारून.

आता आजोबांच्या भीतीबद्दल. तीही खोटी नाही. इन्सुलिन घेतले, किंवा ग्लिमेपिराइडसारखी स्वादुपिंडाला ढकलणारी गोळी घेतली आणि दिवसभर काहीच पोटात गेले नाही, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बडबड, आणि फारच उतरली तर बेशुद्धी. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, वाढली नसेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. तेव्हा आजारपणात साखर दोन्हीकडे घसरू शकते, आणि अंदाजाने ती कुठे आहे हे कुणालाच कळत नाही, गणिताच्या शिक्षकालाही नाही. ते फक्त मोजून कळते.

इथे मला एका सैनिक डॉक्टरची गोष्ट सांगायची आहे. फ्रेडरिक बँटिंग पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या लष्करी वैद्यकीय दलात होते. १९१८ मध्ये कांब्रेच्या लढाईत ते जखमी झाले आणि त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. तीन वर्षांनी, १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोमध्ये चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढण्याचे प्रयोग केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. तो तेव्हा माझ्याहूनही लहान होता आणि मरणाच्या दारात होता. तो वाचला. हे आपल्या जीवशास्त्राच्या जादा वाचनात असते. त्यापुढचे नसते. थॉम्पसन १९३५ मध्ये वारला, वय २६. कारण होते न्यूमोनिया. इन्सुलिनने त्याला तेरा वर्षे दिली आणि छातीच्या संसर्गाने ती संपवली. तेव्हा पेनिसिलिन औषध म्हणून मिळत नव्हते, फ्लूची लस नव्हती, घरी साखर मोजायचे यंत्र नव्हते. आज ही तिन्ही आहेत, आणि तरी २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत कॅनडाच्याच क्वेबेक प्रांतात असे दिसले की मधुमेह असलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यात भारतातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू झाला होता. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांना तेव्हाचे मास्क आठवतात.

आणि आपल्याकडे मधुमेही किती? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढांमध्ये शंभरात अकराहून जास्त. गोव्यात तर शंभरात सव्वीस. तुमच्या घरी कुणाला नसेल, पण तुमच्या मेसमध्ये, स्टाफरूममध्ये, पालक-सभेच्या पहिल्या रांगेत नक्की आहे.

रुग्णालयातून सुटताना कुंभकोणमच्या डॉक्टरांनी आजोबांना एक कागद लिहून दिला. ‘आजारपणाच्या दिवसांसाठी’ असे वर लिहिलेले. मला तो कागद आपल्या स्टँडिंग ऑर्डर्ससारखा वाटतो. गोळीबार सुरू झाल्यावर कोणी कुठे जायचे हे ठरवत बसत नाहीत, ते आधी ठरलेले असते. १०२ ताप असताना, डोके ठणकत असताना, कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे ठरवण्याच्या स्थितीत माणूस नसतो, आणि घाबरलेली आजीही नसते. हा कागद बरे असताना लिहून घ्यायचा. माझ्या मते सगळ्या लेखातली कामाची गोष्ट हीच आहे. बाकी सगळे तो कागद का आणि कसा याबद्दल आहे.

आजोबांच्या कागदावर काय आहे ते सांगतो, पण आकडे त्यांचे आहेत. तुमच्या आजोबांचे किंवा बाबांचे त्यांच्या डॉक्टरांकडून घ्या.

पहिली ओळ मोजण्याची. एरवी ते आठवड्यातून दोनदा साखर बघतात, तापात दर चार तासांनी, रात्रीही एकदा. हात साबणाने धुऊन, पुसून. हे उगाच नाही. संत्रे सोललेल्या किंवा गुळाला लागलेल्या बोटातून रक्त काढले तर यंत्र त्या बोटावरचीच साखर मोजते आणि आकडा भलताच वर दिसतो. प्रत्येक आकडा, वेळ, ताप आणि काय खाल्ले-प्यायले ते वहीत. आजी वही लिहिते, तमिळमध्ये.

दुसरी ओळ औषधांची, आणि ती सगळ्यांत गुंतागुंतीची आहे. रात्रीचे इन्सुलिन चालू ठेवायचे. साखर ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर किती युनिट वाढवायचे आणि खाली आली तर किती कमी करायचे, ते लिहून दिले आहे. मेटफॉर्मिन साध्या सर्दीत चालू, पण उलट्या-जुलाब होऊन शरीर कोरडे पडले तर फोन करून थांबवायचे. ग्लिमेपिराइड जेवण नाही तर नाही. शेजारच्या मामांना डापाग्लिफ्लोझिन आहे. ही गोळी, आणि तिच्या कुळातली एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीतून साखर बाहेर काढते. आजारपणात, खाणे-पिणे सुटले असताना, ती घेत राहिल्यास साखर फार वाढलेली नसतानाही कीटोन साचू शकतात, म्हणून ती सहसा बरे होईपर्यंत थांबवायला सांगतात. एकाच मधुमेहाच्या गोळ्या आणि त्यांचे नियम वेगवेगळे. “शुगरची गोळी चालू ठेवू की बंद करू?” या प्रश्नाला एक उत्तर नाही, हे मला हा कागद वाचेपर्यंत माहीत नव्हते.

तिसरी ओळ पाण्याची. दर तासाला एक पेला, घोट घोट. पाणी, पातळ ताक, मिठाचे सार. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना पाण्याचीही मर्यादा असते, त्यांनी आधी विचारावे. जेवण जात नसेल तर दर तीन-चार तासांनी पेज, इडली, मऊ भात असे काहीतरी, म्हणजे शरीराला थोडे पिष्ट मिळत राहील. साखर वाढली म्हणून पूर्ण उपाशी राहणे हा उपाय नाही.

आता स्वयंपाकघर. यावर जरा थांबतो, कारण आमच्या गावात सर्दीचा खरा डॉक्टर तिथेच असतो. पाऊस सुरू झाला की घरोघरी सुक्कु कापी होते. नाव कापी, पण कॉफी नसतेच. सुंठ, धणे, मिरी कुटून उकळतात आणि त्यात करुपट्टी, म्हणजे ताडाचा गूळ घालतात. घशाला फार बरे वाटते. पण ‘ताडाचा गूळ साखर नसतो’ असे जे तिथे सगळे सांगतात ते खरे नाही. तो साखरच आहे. मधही साखरच आहे, मग तो आल्याच्या रसात घातला तरी. आजी आता आजोबांची सुक्कु कापी करुपट्टीशिवाय करते. आजोबा पहिला घोट घेताना तोंड वाकडे करतात आणि मग पेला संपवतात. कुंभकोणमची डिग्री कॉफी हा वेगळा आणि नाजूक विषय आहे. तिच्यात आजोबांची साखर किती हे मी इथे छापणार नाही.

मिरीचे सार मात्र निर्धास्त प्यावे. गरम, पातळ, मीठ असलेले, साखर नसलेले. तापातल्या माणसाला हवे ते सगळे त्यात आहे. खोकल्याच्या गोड औषधाबद्दल लोक फार घाबरतात, ‘शुगर फ्री’ बाटली शोधत फिरतात. मिळाली तर घ्यावी, पण चमचाभर औषधातली साखर थोडीशी असते. दिवसभरात तीन पेले करुपट्टीची कापी, वरून ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून माल्टचे दूध आणि बिस्किटे, आणि मग दोष खोकल्याच्या औषधाला, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

औषधाच्या दुकानात खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. कागदाच्या पुडीत ‘तापाचा सेट’ म्हणून सुट्या गोळ्या मिळतात, आपल्याकडेही आणि तिकडेही. त्यातली एक छोटी पांढरी गोळी कधी कधी स्टेरॉइड असते. तिने माणसाला दुसऱ्या दिवशी टवटवीत वाटते आणि मधुमेह्याची साखर भडकते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार महाराष्ट्रात इतक्या जणांना झाला, त्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांची जोडी वारंवार दिसली. डॉक्टरांनी कारण पाहून दिलेले स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट, काही वेळा त्याने जीव वाचतो. पुडीतले नको. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या रक्तदाब वाढवतात, तेव्हा त्याही विचारूनच. आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. सर्दी विषाणूमुळे होते, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते.

कावेरीच्या खोऱ्यात आणखी एक पेच आहे. ज्या आठवड्यांत फ्लू येतो त्याच आठवड्यांत पाणी साचून डेंग्यूही येतो. दोघांची सुरुवात सारखी: अचानक ताप, डोके, अंगदुखी. म्हणून ताप कशाचा हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच, ठरलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन दुखण्यासाठी आपल्या मनाने घ्यायचे नाही, कारण डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोजची अॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचे.

सर्दी आणि फ्लू यांतला फरक साधारण असा: सर्दी दबकत येते, आधी घसा, मग नाक, ताप असला तर किरकोळ. फ्लू एकदम येतो. सकाळी भजनाला बसलेला माणूस दुपारी अंथरुणावर. हा फरक का कळला पाहिजे, तर फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या स्वाइन फ्लूच्या सूचनांतही मधुमेह्यांना जोखमीच्या गटात धरले आहे. त्यांनी लक्षणे सौम्य असली तरी थांबून न बघता डॉक्टरांकडे जायचे असते. आजोबांसारखे तिसऱ्या दिवशी नव्हे.

कागदाच्या शेवटी, लाल शाईत, कधी निघायचे ते आहे. साखर दोनदा लागोपाठ २४० च्या वर. साखर ७० च्या खाली आणि दोनदा साखर देऊनही वर येत नाही. चार-सहा तास पाणीही पोटात टिकत नाही. धाप, छातीत दुखणे. आणि बोलण्यात गोंधळ. ही ओळ आजीने स्वतः सांगून घालायला लावली. यांपैकी एकही दिसले की फोन करायचा, धाप किंवा गोंधळ असेल तर फोनही नाही, थेट १०८ ला बोलवायचे.

गेल्या डिसेंबरात कागदाची परीक्षा झाली. मी सुट्टीत तिथेच होतो. आजोबांना पुन्हा ताप आला आणि रात्री नऊला साखर २६४ भरली, दिवसभरात दोन इडल्या खाल्लेल्या असताना. “खाल्लं काय मी?” असे ते म्हणालेच. आजीने कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो प्रश्नपत्रिकेसारखा दोनदा वाचला आणि कागदावर लिहिलेले युनिट वाढवून इन्सुलिन घेतले. मध्यरात्री २३१, पहाटे १८८. सकाळी डॉक्टरांना दाखवले, त्यांनी वही पाहिली आणि ओसेल्टामिविर दिले. चौथ्या दिवशी ताप गेला. दाखल व्हावे लागले नाही. गोष्ट एवढीच, पण आमच्या घरी ती अजून सांगतात.

वहीवरून आठवले. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे, राज्यकाळ १७९८ ते १८३२, यांनी धन्वंतरी महाल स्थापन केला होता. तिथे देशी वैद्यांबरोबर पाश्चात्त्य वैद्यकही चाले. राजांना नेत्रवैद्यकात रस होता, आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या लिहून ठेवलेल्या नोंदी, चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी रुग्णाची नोंद ठेवणारा राजा आमचा होता हे सांगायला मला आवडते. आजीला मी म्हटले, तुमची वही त्याच परंपरेतली. ती म्हणाली, “आधी त्या राजाला म्हणावं स्ट्रिपची किंमत बघ.” स्ट्रिप महाग असतात हे खरेच आहे. गोळ्यांचे मात्र तमिळनाडूत बरे आहे. २०२१ पासून सरकारची ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही योजना सुरू आहे, तिच्यात मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना औषधे घरपोच मिळतात.

लसीचे सांगायचे राहिले होते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दर वर्षी नवी घ्यावी लागते. दंडावर टोचायच्या नेहमीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा तिने फ्लू होत नाही. एक-दोन दिवस दंड दुखेल, थोडी कणकण येईल. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून गोविंदपुरम्‌च्या माणसाने ती सप्टेंबरात घ्यावी, ऑक्टोबरचा पाऊस लागण्याआधी. आणि आपल्याकडे, जिथे पावसाळ्यात साथ चढते, तिथे ती जून उजाडण्यापूर्वी घेतलेली बरी. न्यूमोकॉकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका मुख्य जिवाणूविरुद्धची लसही वयस्कर मधुमेह्यांना सुचवतात. ती दर वर्षी लागत नाही.

पुरात किंवा वादळात वीज गेली तर इन्सुलिनचे काय, हा प्रश्न तिथे नेहमीचा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ आले तेव्हा तंजावर जिल्ह्यात कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, पण गोठवायचे कधीच नाही. एकदा गोठले की वितळल्यावरही ते निकामी. वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, ऊन लागू न देता. वीज नसेल तर मातीच्या माठाचा गारवा कामी येतो: डबीत घालून, डबी कोरडी राहील अशी, पाण्याच्या माठात किंवा ओल्या मडक्यात.

राहिलो आपण. तीस खाटांच्या डॉर्मिटरीत एकाला सर्दी झाली की आठवड्यात ती पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचते, हे हाउस मास्टरांना विचारा. आपल्याला ती तीन दिवस नाक पुसून संपते. सुट्टी लागते, आपण तशीच सर्दी घेऊन दोन गाड्या बदलून घरी जातो आणि पहिल्यांदा कोणाच्या गळ्यात पडतो, तर आजी-आजोबांच्या. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात खोकला असेल तर एम. आय. रूममध्ये जावे, लपवू नये. तिथे कुणी भित्रा म्हणत नाही. गाडीत मास्क लावावा. घरी पोचल्यावर आधी हात साबणाने धुवावेत, आणि नाक वाहत असेल तर दोन-चार दिवस वेगळ्या खोलीत झोपावे, पाया लांबून पडावे. मी गेल्या खेपेला असेच केले. आजोबा म्हणाले, “बाळ, सैन्यात जाऊन अंतर ठेवायला शिकलास होय?” आणि संध्याकाळी दारातूनच मला माझी वार्षिक परीक्षेची गणिते घातली.

हा लेख छापण्यापूर्वी आपल्या शाळेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वाचून पाहिला आहे. त्यांनी एक वाक्य वाढवायला सांगितले: कागदाच्या दोन प्रती काढा, एक फ्रिजच्या दारावर लावा, आणि दुसरी त्या माणसाकडे द्या जो रात्री दोन वाजता गाडी काढू शकतो. आमच्याकडे ती समोरच्या घरच्या दादाकडे आहे, त्याची ऑटो आहे.